डॉग म्हणजे कुत्रा, पण तुमच्या मॅन्युअलमधला नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जहाजावरच्या विंचचं, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून वजन ओढणाऱ्या यंत्राचं, मॅन्युअल तुम्ही मराठीत करताय, त्यात डॉग हा शब्द चार ठिकाणी आलाय, चारही ठिकाणी कुत्रा बसत नाही. डिक्शनरी उघडली तर अर्थांची ही रांग. म्हणून तुम्हाला वाटलं की शब्दाचं मूळ एकदा सापडलं की सगळे अर्थ एका दोऱ्यात ओवता येतील आणि चारही ठिकाणी चालेल असा एकच मराठी शब्द हाती लागेल. त्यात कुणीतरी ठामपणे सांगितलं की डॉग संस्कृतातून आलाय, आणि तिथून गोंधळ आणखी वाढला.

आधी एक सांगून टाकतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही त्यांना एकमेकांच्या गळ्यात बांधलंय. डॉग कुठून आला हा एक, आणि तुमच्या वाक्यात डॉग काय काम करतोय हा दुसरा. पहिल्याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नाही, दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा मॅन्युअलमधल्या ड्रॉइंगमध्ये असतं. मी गेली बावीस वर्षं मशिनरीची मॅन्युअल्स मराठीत करतोय, त्याआधी चार वर्षं लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर, होतो, त्यामुळे शब्दाच्या दोन्ही बाजू थोड्याफार बघितल्यात. मुळाचा नाद मलाही आहे, खोटं कशाला बोलू, पण मुळाच्या भरवशावर एकदा मी सपशेल तोंडावर पडलोय, ते पुढे सांगतो.

आधी मूळ. इंग्रजीत कुत्र्यासाठी जुना, रोजचा, घराघरातला शब्द होता हुंड. म्हणजे आजचा हाउंड. जर्मनमध्ये अजूनही कुत्र्याला हुंडच म्हणतात. डॉग त्या काळी जवळजवळ दिसतच नाही. अकराव्या शतकात प्रुडेन्शियस नावाच्या लॅटिन कवीच्या ओळींवर कुणीतरी इंग्रजी अर्थ लिहून ठेवलेत, त्यात 'कुत्र्यांचे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावर 'डॉग्गा'चं षष्ठीचं अनेकवचन लिहिलेलं सापडतं, शिवाय काही जुन्या गावशिवाराच्या नावांत तो डोकावतो, बाकी शुकशुकाट. मग हळूहळू हा डॉग्गा वर येत जातो, आधी बहुतेक धिप्पाड किंवा हलक्या जातीच्या कुत्र्यासाठी, कधी शिवी म्हणून, आणि सोळाव्या शतकापर्यंत परिस्थिती पूर्ण उलटते. सगळ्याच कुत्र्यांना डॉग म्हणायला लागतात आणि बिचारा हाउंड शिकारी कुत्र्यापुरता उरतो. घरमालकाला बाहेरच्या खोलीत काढून भाडेकरूने वाडा बळकवावा तसं.

याची गंमत वाटत असेल तर आपल्याकडे बघा, सेम गोष्ट झालीये. संस्कृतचा शब्द श्वन्, श्वान. आपण रोज बोलताना म्हणतो कुत्रा. आणि श्वान कुठे उरला? श्वानपथकात, श्वानदंशाच्या इंजेक्शनच्या बोर्डावर. पोलिसांच्या कुत्र्याला पेपरवाला श्वान लिहितो, गल्लीतल्याला कुत्रा. स्पॅनिशमध्येही तसंच, लॅटिनमधून आलेला जुना 'कान' बाजूला पडला आणि 'पेर्रो' गादीवर बसला, आणि पेर्रोचं मूळही लागत नाही. आपल्या कुत्र्याचं तरी कुठे लागलंय. श्वान झिजून झिजून कुत्रा होत नाही, ध्वनिबदलाच्या कुठल्याच नियमात ते बसत नाही. टर्नर साहेबांनी भारतीय आर्य भाषांचा जो मोठा तौलनिक कोश केला त्यातही कुत्र्याचं मूळ म्हणून 'कुत्त' हे रूप तारा लावून दिलंय, आणि त्या कोशात ताऱ्याचा अर्थ असा की हे रूप कुठे लिहिलेलं मिळालेलं नाही, असावं असं धरलंय. संस्कृतात कुर्कुर आणि कुक्कुर आहेत, ते ऐकायलाच आवाजावरून पडलेल्या नावांसारखे वाटतात. तर सांगायचं काय, की कुत्रा हा प्राणी भाषांना सारखी नवी नावं द्यावीशी वाटणारा प्राणी आहे. जो उंबऱ्यात झोपतो, ज्याला लाडाने आणि रागाने दोन्ही हाका मारतो, त्याचं नाव घासून गुळगुळीत होतं आणि मग बोलीतला एखादा लाडका-टाकाऊ शब्द त्याची जागा घेतो. हे माझं मत आहे, नियम नाही.

आता संस्कृतवाल्या दाव्याकडे येऊ. संस्कृतचा इंग्रजीशी संबंध आहे, शंभर टक्के आहे, पण तो आहे हाउंडशी. संस्कृतचा श आणि इंग्रजीचा ह यांची जोडी ठरलेली आहे. शत आणि हंड्रेड. शृंग आणि हॉर्न. तसाच श्वान आणि हाउंड. एकदा बसलं म्हणून योगायोग म्हणता येईल, पण अशी रांग लागली की मग ते नातं असतं. डॉगसाठी अशी जोडी लावून दाखवा म्हटलं की दावा करणारे गप्प होतात. दोह, द्रोह, दौड असले शब्द पुढे करतात, पण नुसता आवाज जुळणं हा पुरावा नव्हेच.

यावर माझं आवडतं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. क्वीन्सलँडच्या उत्तर भागात म्बाबरम नावाची आदिवासी भाषा होती. डिक्सन नावाचे भाषाशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात ती नोंदवायला गेले, कुत्र्याला काय म्हणता विचारलं, उत्तर आलं, डॉग. कुणालाही वाटेल की गोऱ्यांकडून उचलला असणार. नाही. शेजारच्या यिडिन् भाषेत कुत्र्याला गुदग म्हणतात, दुसऱ्या शेजारणीत गुदा, आणि म्बाबरममध्ये शब्दाचं सुरुवातीचं अक्षर गळतं, स्वर बदलतात, शेवटचा स्वरही जातो. गुदगचं घासत घासत डॉग झालं. इंग्रजी डॉगशी काडीचा संबंध नाही. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच प्राण्याला एकच नाव, आणि नातं शून्य. आवाजावरून मूळ सांगणारा कुणी भेटला की मी त्याला ही गोष्ट ऐकवतो, अर्ध्या लोकांना पटते.

मग डॉग आला तरी कुठून? जे अंदाज आहेत त्यातला मला पटणारा असा. जुन्या इंग्रजीत प्राण्यांच्या नावांची एक टोळी आहे, सगळ्यांचं शेपूट सारखं. फ्रॉग्गा म्हणजे बेडूक, स्टॅग्गा म्हणजे नर हरीण, विग्गा म्हणजे किडा, पिग आणि हॉग पण याच गोतावळ्यातले. हे ग्ग वालं शेपूट म्हणजे घरगुती, लाडाचं किंवा हेटाळणीचं रूप असावं, आपण बाळ्या, पिंट्या, ढब्ब्या करतो ना, तसं काहीतरी. बेडकाचा मूळ शब्द फ्रॉक्स, त्याचं झालं फ्रॉग्गा. मग डॉग्गा कशाचं झालं? गाँशोरोव्स्की नावाच्या पोलिश अभ्यासकाने 2006 मध्ये मांडलं की जुन्या इंग्रजीत डॉक्स म्हणजे काळपट, सावळा असा शब्द होता, त्याचं लाडकं रूप डॉग्गा. म्हणजे आपण कुत्र्याला काळ्या म्हणतो तेच. गावात दर तिसऱ्या कुत्र्याचं नाव काळ्या असतं, त्यामुळे मला हे ऐकल्या ऐकल्या पटलं, पण मला पटलं म्हणून ते सिद्ध होत नाही. दुसरे म्हणतात की उपयोगी असणं, बळ असणं अशा अर्थाचं एक क्रियापद होतं, त्यावरून आला. दोन्ही अंदाजच.

एक गोष्ट मात्र पक्की, हा शब्द इंग्लंडातच वाढला. फ्रेंचमध्ये डोग, जर्मनमध्ये डॉगं, स्पॅनिशमध्ये डोगो, हे सगळे इंग्रजीकडून घेतलेले, आणि सगळीकडे अर्थ एकच, मोठ्या जबड्याचं दांडगं कुत्रं. ग्रेट डेन म्हणतो आपण ज्याला, त्याला जर्मन लोक डॉइचं डॉगं म्हणतात. हा दांडगा जबडा लक्षात ठेवा, तुमच्या विंचमध्ये तोच येणार आहे.

आता अर्थांच्या जंगलात शिरू. सगळे सांगत बसत नाही, तुमच्या कामाचे आणि थोडे मला आवडतात म्हणून.

क्रियापद म्हणून डॉग म्हणजे माग काढत पाठीमागे लागणं, पिच्छा न सोडणं. त्यावरून डॉग्ड म्हणजे चिवट, हट्टी. हे सरळ प्राण्याच्या स्वभावावरून आलंय. डॉगलेग म्हणजे मध्येच वाकलेलं, कुत्र्याच्या मागच्या पायासारखं. आपल्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या कुणालाही विचारा, डॉगलेग जिना म्हणजे काय ते लगेच सांगेल, अर्ध्यापर्यंत एका दिशेला, मग चौक, मग उलट्या दिशेला. ठेकेदारसुद्धा डॉगलेगच म्हणतो, तिथे मराठी शब्द शोधायला जाऊ नये. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला तर तो कुत्र्याचा कान. पाद्र्याची पांढरी कडक कॉलर म्हणजे कुत्र्याचा पट्टा.

उन्हाळ्याचे डॉग डेज हे प्रकरण वेगळंच, ते आकाशातून आलंय. युरोपात जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यात पहाटे सूर्याच्या आधी एक तेजस्वी तारा उगवायला लागतो, ग्रीक आणि रोमन लोक त्याला कुत्र्याचा तारा म्हणायचे, उकाडा तोच आणतो अशी समजूत. तोच तारा आपल्याकडे व्याध. त्यांनी कुत्रा बघितला, आपण शिकारी बघितला. आणि त्याच जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे छत्र्या उघडलेल्या असतात, त्यामुळे डॉग डेजचं शब्दशः भाषांतर करून काही पदरात पडत नाही. छत्रीवरून आठवलं, पावसाळ्यात उगवणारी ती विषारी अळंबी, इंग्रजीत टोडस्टूल, म्हणजे बेडकाच्या भाऊबंदाचं स्टूल, मराठीत कुत्र्याची छत्री. कुठल्या वस्तूला कुठला प्राणी चिकटेल याला काही धरबंध नाही.

या अर्थांसोबत भाकडकथा पण भरपूर येतात, त्या भाषांतराच्या टिपेत घालू नका. मुसळधार पावसाला कुत्री-मांजरं पडतात म्हणायची पद्धत सतराव्या शतकाच्या मध्यापासून दिसते, का म्हणतात ते कळलेलं नाही. पण गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री पावसात घसरून पडायची ही जी गोष्ट आहे ती 1999 च्या सुमारास ईमेलवर फिरवलेली थाप आहे. कुत्रं छपरावर कशाला झोपेल, एवढं तरी मनात यायला हवं. टॉप डॉग आणि अंडरडॉग म्हणजे लाकूड कापताना ओंडक्यावरचा करवत्या आणि खड्ड्यातला करवत्या, ही पण अशीच मागाहून बसवलेली, ते शब्द कुत्र्यांच्या झुंजीतले, वरचा आणि खाली पडलेला. व्यंगचित्रकाराला डॅशहुंड या कुत्र्याच्या जातीचं स्पेलिंग आलं नाही म्हणून त्याने हॉट डॉग लिहिलं ही गोष्ट सुद्धा खोटी, त्याआधीच 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजची पोरं तो शब्द वापरत होती, सॉसेजमध्ये कसलं मांस असतं यावरचा तो खवचट विनोद होता. पुढे जाऊ.

तुमच्या कामाचा अर्थ म्हणजे यंत्रातला डॉग. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत पकडून ठेवणाऱ्या, अडकवणाऱ्या लोखंडी वस्तूंना डॉग म्हणतात. कारण उघड आहे, दांडगं कुत्रं एकदा चावलं की जबडा सोडत नाही. चुलीत लाकडं तोलून धरणारे लोखंडी पाय, ते फायर डॉग. त्यांना फ्रेंचमध्ये शने म्हणतात, म्हणजे छोटं कुत्रं. जर्मनमध्ये मात्र बोकड. रेल्वेत लाकडी स्लीपरवर रूळ ठोकायचा मोठा खिळा तो डॉग स्पाइक, त्याच्या डोक्याला दोन कान असतात, उपटताना पहार अडकवायला, समोरून बघितलं की खरंच कुत्र्याचं तोंड दिसतं. आता सिमेंटचे स्लीपर आणि स्प्रिंगच्या क्लिपा आल्या, तरी जुने रेल्वेवाले तो शब्द विसरलेले नाहीत.

इथे माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीसाठी दोन मिनिटं थांबतो. जुन्या बंदुकीचा जो भाग मागे ओढून ठेवायचा आणि चाप दाबला की पुढे आदळतो, त्याला मराठीत काय म्हणतो आपण? घोडा. इंग्रजीत कॉक, म्हणजे कोंबडा. फ्रेंचमध्ये शियँ, म्हणजे कुत्रा. स्पॅनिश लोक चापाला गातियो म्हणतात, छोटं मांजर. एकच बंदूक, आणि तिच्यावर घोडा, कोंबडा, कुत्रा, मांजर सगळे बसलेत! आता जर कुणी म्हणालं की फ्रेंच मॅन्युअलमध्ये कुत्रा आलाय, शब्दाच्या मुळाशी प्रामाणिक राहून मराठीत कुत्राच लिहू, तर बंदूक चालवणारा काय करेल? तो घोडा शोधेल. कारण आपल्या भाषेने ती जागा आधीच घोड्याला देऊन टाकलीये. आपल्याकडे घोडा-घोडी बरीच कामं करतात, सतारीच्या तारा तोलणारी घोडी, रंगाऱ्याची उभं राहायची घोडी. इंग्रजी जिथे कुत्रं बांधतं तिथे मराठी बऱ्याचदा घोडा बांधते. हिंदीत मात्र कुत्ता सापडतो, हिंदी शब्दसागरात कुत्ता या शब्दाला चाक उलटं फिरू न देणारा पुर्जा असाही एक अर्थ दिलेला आहे. तुमच्या विंचमध्ये नेमका तोच पुर्जा आहे, त्यामुळे हे वाचून तुम्हाला मोह होईल. आवरा.

का आवरा म्हणतो, ती माझी फजिती आता सांगतो. नवीन होतो, एका कारखान्यासाठी अमेरिकन लेथचं मॅन्युअल करत होतो, कारखान्याचं नाव राहू दे. वाक्य होतं की शाफ्ट दोन सेंटरच्या (लेथच्या दोन टोकांचे अणकुचीदार आधार, ते शाफ्टच्या टोकांच्या भोकांत बसतात) मध्ये धरून डॉगने फिरवा. मी शहाणपणा केला. म्हटलं कामगारांना इंग्रजी शब्द चांगले ठाऊक असतात, उगाच जडजड मराठी कशाला, मूळ शब्द ठेवू, मुळाशी प्रामाणिक राहू. लिहिलं, डॉग लावून शाफ्ट फिरवा.

अमेरिकन माणसाचा लेथवरचा डॉग म्हणजे शाफ्टवर अडकवायची एक छोटी कडी, तिला बोल्ट असतो आणि एक आडवी शेपटी, ती शेपटी फिरत्या प्लेटच्या खाचेत बसते आणि शाफ्टला सोबत फिरवते. आपल्याकडे आयटीआयमध्ये त्याला कॅरियर शिकवतात. आणि आपल्या वर्कशॉपमध्ये डॉग म्हटलं की डॉग चक, म्हणजे चार जबड्यांचा, प्रत्येक जबडा वेगळा सरकणारा चक. तीन जबड्यांचा आपोआप मध्यावर येणारा तो ट्रू चक, चारचा तो डॉग चक, हे पोराटोरांना माहीत असतं. मी स्वतः चार वर्षं ते म्हणत होतो हो! पण टेबलावर बसलो की डोकं कागदाचं होतं.

झालं असं की ऑपरेटरने माझं वाक्य वाचलं आणि शाफ्ट डॉग चकमध्ये धरला. दोन सेंटरमध्ये धरण्याचा सगळा फायदा हा की काम काढून परत लावलं, उलटं लावलं, तरी मध्य तोच राहतो, कारण टोकांची भोकं तीच. चकमध्ये तसं नसतं, प्रत्येक वेळी डायल लावून मध्य जुळवत बसावं लागतं. त्याने एक बाजू केली, उलटा करून दुसरी केली, दोन्ही बाजूंचे मध्य जुळले नाहीत, आणि पूर्ण लॉट गेला. फोरमनने मला बोलावलं, मॅन्युअलचं पान पुढे ठेवलं आणि विचारलं, "हा कुठला डॉग?" मी सांगितलं, तो कडीवाला. तो म्हणाला, "मग कॅरियर लिहायला काय झालं होतं तुम्हाला?" काही झालं नव्हतं. मी पुस्तकाचा विचार केला, ऑपरेटरचा नाही. बाकी त्या कॅरियरचे वाकड्या शेपटीचा आणि सरळ शेपटीचा असे दोन प्रकार असतात, म्हणजे कुत्र्याचं शेपूट वाकडं ही म्हण लेथवर अर्धीच खरी आहे.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. डॉग दिसला की मी तीन गोष्टी विचारतो. हा काय धरतोय? कुणाला हलण्यापासून थांबवतोय, का उलट कुणाला फिरवतोय? आणि वाचणारा या तुकड्याला हातात घेतल्यावर काय म्हणतो? तिसऱ्यासाठी फोन करावाच लागतो, डिक्शनरीत ते नसतं, आणि गावोगावी बदलतं पण. भोसरीत एक म्हणतील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसरं, गोदीत तिसरंच, त्यामुळे मी जे शब्द खाली देतोय ते तुमच्या वाचणाऱ्यांना विचारून मगच पक्के करा.

तुमची चार वाक्यं घेतो.

पहिलं, शाफ्ट दुरुस्तीच्या प्रकरणातलं, दोन सेंटरमध्ये धरून डॉगने फिरवा. हे माझंच वाक्य, नशीब बघा. इथे कॅरियर लिहा. डॉग अजिबात ठेवू नका.

दुसरं, कव्हर बसवून डॉग डाउन करा. हा जहाजावरचा शब्द. पाणी आत शिरू नये म्हणून दाराच्या किंवा झाकणाच्या कडेने फिरवून आवळायच्या दांड्या असतात, त्यांना डॉग म्हणतात, आणि त्या आवळण्याला क्रियापद तेच. वाचणारे खलाशी असतील तर ते डॉग म्हणतच असतील, तरी मी पहिल्यांदा नीट लिहीन की कडेच्या सगळ्या खिट्ट्या फिरवून घट्ट आवळा, आणि पुढे मग नुसतं खिट्ट्या. समोरासमोरच्या जोडीने आवळा असं मूळात आहे का बघा, असेल तर तो शब्द गाळू नका, एकाच बाजूने आवळत गेलं की झाकणाचं रबर नीट बसत नाही.

तिसरं, डॉगच्या कडा गोल झाल्यात का तपासा. हे डॉग क्लचचे दात. घर्षणाच्या क्लचमध्ये दोन तबकड्या एकमेकींवर घासून पकड घेतात, इथे तसं नाही, सरळ एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूच्या खाचांत घुसतात. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये पण हेच असतं. कडा झिजून गोल झाल्या की लोड आल्यावर दात निसटतात आणि गिअर आपोआप सुटतो. इथे डॉग क्लचचे दात असं पूर्ण लिहा, नुसतं दात लिहिलं तर वाचणारा गिअरचे दात बघत बसेल आणि ते ठणठणीत असतील.

चौथ्यापाशी मी अडतो. विंच सोडून जाण्यापूर्वी डॉग लावा. हे दोन प्रकारे वाचता येतं. एक, डॉग क्लच जोडा. दोन, ड्रमच्या दातेरी चाकात ती खिटी टाका जी ड्रम उलटा फिरू देत नाही, रॅचेटचा पॉल म्हणतात ती. इंग्रजीत दोन्हीला डॉग म्हणतात आणि दोन्हीला लावण्याचं क्रियापदही एकच. विंच सोडून जाण्यापूर्वी या शब्दांवरून मला दुसरा अर्थ वाटतो, कारण माणूस निघून गेल्यावर दोर आणि वजन धरून ठेवणारं काहीतरी हवं. पण वाटतं म्हणून लिहू नका. इथे चुकीचा शब्द गेला तर माझ्यासारखा शाफ्टचा लॉट जाणार नाही, ड्रम उलटा सुटेल आणि खाली कुणी उभं असेल. ड्रॉइंगमध्ये डॉगचा नंबर ड्रमच्या कडेला दाखवलाय का क्लचच्या बाजूला, एवढं बघा. ड्रमच्या कडेला असेल तर लिहा, ड्रम उलटा फिरू न देणारी खिटी, पॉल, चाकाच्या दातात पूर्ण बसवा. ड्रॉइंग नसेल तर ज्यांनी मशीन बनवलं त्यांना लेखी विचारा, दोन दिवस गेले तरी चालतील.

आणि हो, मॅन्युअलमध्ये पाळ्यांचा तक्ता असेल तर त्यात डॉग वॉच दिसेल, त्याला कशातही जोडू नका. जहाजावर दिवसाच्या पाळ्या चार-चार तासांच्या, पण संध्याकाळी चार ते आठची पाळी दोन तुकड्यांत तोडतात, चार ते सहा आणि सहा ते आठ. त्यामुळे सहाच्या जागी सात पाळ्या होतात, आकडा विषम झाला की त्याच माणसांवर रोज तीच वेळ येत नाही. त्या दोन छोट्या पाळ्यांना डॉग वॉच का म्हणतात यावर खलाशांकडे अनेक गोष्टी आहेत, चहासोबत ऐकायला छान. डॉग वॉच तसंच ठेवा.

कोशाच्या नादाने आणखी खोदायचं असेल तर खोदा, मीही खोदतो रात्री. पण चौथ्या वाक्याचं ड्रॉइंग आधी बघा, आणि इथेच खाली सांगा नंबर कुठल्या बाजूला निघाला ते.